धुक्याचा धनी कोण?

आज २ डिसेंबर. १९८४ साली याच रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि उजाडायच्या आत हजारो घरांवर अवकळा आली. त्या बळींच्या स्मरणार्थ देशभर हा दिवस राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन म्हणून पाळतात. चंद्रपुरातही तो पाळला जाईल. सभागृहांत पाहुण्यांना रोपटी मिळतील, निबंध स्पर्धांची बक्षिसे वाटली जातील, शाळाशाळांतून प्रभातफेऱ्या निघतील. प्रदूषणाविरुद्ध घोषणा देत पोरे रस्त्यावर उतरतात ती सकाळी सात-साडेसातची वेळ, म्हणजे या शहराच्या हवेची सर्वात वाईट घटका. आयोजकांच्या हे ध्यानात येत नसावे. येत असेल तर आणखी वाईट.

तारीख भोपाळने ठरवली, पण चंद्रपूरलाही ती चपखल बसते. मार्गशीर्ष लागला, रात्री आठ-दहा अंशांकडे झुकू लागल्या की पडोलीच्या चौकापासून बल्लारपूरच्या वेशीपर्यंत एक करडा पडदा उतरतो. जटपुरा गेटमधून बाहेर पडणाऱ्या दुचाकीस्वाराला समोरच्या ट्रकचे मागचे दिवे तेवढे दिसतात. वर्तमानपत्रांत ‘चंद्रपूर धुक्यात हरवले’ अशा ओळीखाली छायाचित्र येते. रामाळा तलाव, किल्ल्याचा परकोट आणि मागे विरत गेलेले शहर. छायाचित्र सुंदर असते, याबद्दल वाद नाही. त्या पडद्यात धुके किती आणि धूर किती, हा वाद आहे, आणि तो गेली चाळीस वर्षे टाळला गेला आहे.

धुक्यासाठी जगात नाव काढलेले शहर म्हणजे लंडन. होम्सकथांच्या अनुवादांतून मराठी वाचकालाही ते धुके इतके परिचयाचे झाले, की लंडन म्हटले की गॅसचे दिवे आणि पिवळट हवा हे चित्र आपोआप उभे राहते. क्लॉद मोने हा फ्रेंच चित्रकार १८९९ ते १९०१ या काळातले हिवाळे गाठून तिथे जाई आणि टेम्सवरचा धूसर प्रकाश रंगवी. ते धुके टेम्सच्या खोऱ्याचे होते तसे लाखो घरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचेही होते. लंडनकरांनी मात्र ते आपल्या स्वभावाचा भाग मानून घेतले होते. मग १९५२ साली ५ ते ९ डिसेंबर असे पाच दिवस वारा पडला, थंड हवा खोऱ्यात बसली आणि धूर वर जाईना. एका नाट्यगृहात ऑपेराचा प्रयोग थांबवावा लागला, कारण आत शिरलेल्या धुरामुळे प्रेक्षकांना रंगमंच दिसेना. सरकारी हिशेबात सुरुवातीला ४ हजार मृत्यू धरले गेले. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा १२ हजारांपर्यंत नेला. चार वर्षांनी, १९५६ मध्ये, स्वच्छ हवेचा कायदा झाला. धूरविरहित विभाग आखले गेले, घरोघरच्या शेगड्या बदलण्यासाठी अनुदान मिळाले. टेम्सचे खोरे होते तिथेच राहिले, हिवाळा होता तसाच राहिला आणि लंडनचे जगप्रसिद्ध धुके दोन-तीन दशकांत ओसरले.

हवामान बदलले नव्हते, तरी धुके गेले. चंद्रपूरबद्दल बोलताना हे आधी नोंदवायला हवे, कारण इथे दर हिवाळ्यात खापर हवामानावरच फुटते.

हवामानाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, तो मोठाच आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यात, इरई आणि झरपट यांच्या संगमावर हे शहर वसले. पावसाळा भरघोस, भोवती जंगल, पूर्वेकडे धानाची बांधी आणि जुने मालगुजारी तलाव. दिवाळीनंतरही जमिनीत आणि हवेत भरपूर ओल असते. आभाळ निरभ्र होते तशी जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते, सखल भागात साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर येतो. एरवी वर जावे तसे तापमान उतरते, इथे काही अंतर ते चढते. भांड्यावर झाकण पडावे तसा हा थर वागतो. खालची हवा वर जाऊ शकत नाही, वारा तर जवळजवळ नसतोच. खेड्यातला शेतकरी याला धुवारी म्हणतो. ती सलग दोन-तीन दिवस पडली की तुरीचा फुलोरा गळणार, हे त्याला वेधशाळेने सांगावे लागत नाही.

ही धुवारी सिरोंच्याला पडते, भामरागडला पडते, ताडोब्याच्या तळ्यावरही पडते. ऊन चढले की तासाभरात विरते. चंद्रपुरात ती रेंगाळते, आणि त्याचे कारण झाकणात सापडत नाही, भांड्यात सापडते. पाण्याच्या वाफेला थेंब होण्यासाठी एखाद्या कणाचा आधार लागतो. कोळशाची भुकटी, राख, गंधकाच्या वायूपासून हवेतच तयार होणारे सल्फेटचे सूक्ष्म कण अशा आधारांची इथे लयलूट आहे. कण जितके जास्त, तितके थेंब बारीक आणि संख्येने अधिक. बारीक थेंबांचे धुके दाट दिसते, लवकर खाली बसत नाही आणि सूर्याला आत येऊ देत नाही. ऊन जमिनीवर पोचले नाही तर जमीन तापत नाही, जमीन तापली नाही तर झाकण उघडत नाही. धूर धुक्याला धरून ठेवतो आणि धुके धुराला.

एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. इथल्या औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्यांचे समर्थन करणारे म्हणतात की त्यांचा धूर त्या थराच्याही वर सुटतो, म्हणून पहाटेच्या घाण हवेचा दोष वीज केंद्राला देऊ नये. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. पहाटे शहर गुदमरते ते मुख्यतः जमिनीलगतच्या धुरामुळे: खाणी, रस्ते, कोळशाचे ढीग, सिगड्या, पेटवलेला कचरा. मात्र नऊ-दहाच्या सुमारास ऊन चढते, थर खालून फुटू लागतो, वरची आणि खालची हवा मिसळते, आणि रात्रभर वर साचलेला चिमण्यांचा धूर त्या घुसळणीत एकदम खाली येतो. हिवाळ्यातला मंद वारा इथे बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो आणि वीज केंद्र आहे शहराच्या उत्तरेला. सकाळी नाकाला झोंबत नव्हते ते शाळेच्या मधल्या सुटीत झोंबू लागते, याची उकल ही अशी आहे.

हा धूर एका रात्रीत आलेला नाही. चांदा जिल्ह्यात इंग्रजांनी कोळसा काढायला सुरुवात केली ती वरोऱ्याला, १८७० च्या दशकात. सरकारी खाण होती, तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आला. १९०६ साली वरोऱ्याची खाण बंद पडली, तोवर बल्लारपूरला कोळसा निघू लागला होता. पुढची कित्येक दशके खाणी बहुतांश भुयारी होत्या. माणसे जमिनीखाली काळी होत, वरचे गाव तुलनेने स्वच्छ राही. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे आपली वेकोलि आली, आणि त्यानंतर खुल्या खाणींचे युग सुरू झाले. दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस, सास्ती. डोंगराएवढे मातीचे ढिगारे या काळातले. पलीकडे आवाळपूर, गडचांदूर, उपरवाही, घुग्घुस इथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले, बल्लारपूरला कागद होताच, घुग्घुसला स्पंज आयर्न आले.

आणि १९८३ मध्ये दुर्गापूरजवळ महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता. वाटणीत जंगल तिकडे गेले आणि धुराडी इकडे राहिली, असे जुने लोक उपहासाने म्हणतात.

आज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. म्हणजे किती, हे आकड्याने कळत नाही, हिशेबाने कळते. हे केंद्र पूर्ण क्षमतेने दिवसभर चालले तर सुमारे ७ कोटी युनिट वीज होते. आपल्या कोळशाच्या प्रतीला एका युनिटला ढोबळ पाऊण किलो कोळसा लागतो. दिवसाचा कोळसा ५० हजार टनांच्या घरात गेला, मालगाड्यांत मोजायचे तर बारा-तेरा गाड्या. त्यातला साधारण तिसरा हिस्सा राख. ही राख अडवण्यासाठी चिमणीआधी विद्युतभारित जाळ्या असतात. त्या उत्तम स्थितीत असतील आणि हजारातले नऊशे नव्याण्णव भाग अडवत असतील, तरी उरलेला हजारावा भाग दिवसाला बारा-पंधरा टन भरतो. आणि जाळ्या रोज उत्तम स्थितीत असतात, असे कोण म्हणेल?

अडवलेल्या राखेचीही एक कहाणी आहे. तिला इथे राखड म्हणतात. पाण्याबरोबर नळांतून ती बांधावर नेतात, थोडी सिमेंट कारखान्यांकडे जाते, थोडी विटांना. उन्हाळ्यात बांधाचा पृष्ठभाग वाळला की तीच राखड वाऱ्यावर स्वार होते. ऊर्जानगर-दुर्गापूरकडच्या घरांत बायका सकाळी सडा घालण्याआधी अंगण दोनदा झाडतात. पहिल्यांदा पाचोळ्यासाठी, दुसऱ्यांदा राखडीसाठी, आणि दुसऱ्या वेळी झाडू हलक्या हाताने चालवावा लागतो, नाहीतर ती उडून पुन्हा तिथेच बसते. तुळशीच्या पानावरून बोट फिरवले तर हिरवी रेघ उमटते. पांढरे कपडे गच्चीवर न वाळवता खोलीत दोरी बांधून वाळवतात. दुचाकीची सीट पुसायचे फडके डिकीत ठेवलेलेच असते, आणि ते धुतल्यावर बादलीतले पाणी कोणत्या रंगाचे होते, हे पाहायला प्रदूषण मंडळाच्या माणसाची गरज पडत नाही.

घुग्घुसच्या रस्त्याला सकाळी सात वाजता उभे राहिले की उरलेले चित्र पुरे होते. कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री असते, पण ती मधोमध ताणलेली आणि कडांना मोकळी. खड्डा आला की कडेने मूठभर भुकटी सांडते. तिच्यावरून पुढचा ट्रक जातो, मग त्याच्या पुढचा. रस्त्यावर पडलेला कोळसा दिवसभरात पिठासारखा दळला जातो. मोठाले तुकडे वेचून नेणारी माणसेही असतात. त्यांच्या घरी सिगडी त्यावरच पेटते, कारण सिलिंडर परवडत नाही. कोळशाच्या जिल्ह्यातला गरीब माणूस कोळशाचा धूर दोनदा पितो, रस्त्यावर एकदा आणि चुलीपुढे एकदा. तरीही शहराच्या धुरात त्याच्या सिगडीचा वाटा किती, यावर तावातावाने बोलणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय.

काळ्या सोन्याची नगरी असे बिरूद या शहराला मोठ्या कौतुकाने लावले गेले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, याचे इतके चोख उदाहरण दुसरे मिळणार नाही. पुढे दुसरे बिरूद आले. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, त्यात अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यानंतर चौथा क्रमांक चंद्रपूरचा लागला. गुण होते ८३.८८, आणि ७० च्या पुढे ‘अतिप्रदूषित’. २०१० च्या जानेवारीत नव्या प्रकल्पांवर बंदी आली. या बंदीनंतर जिल्ह्यात काय घडले ते आठवण्यासारखे आहे. आराखडे झाले, बैठका झाल्या, पण सर्वांत मोठ्याने झालेली मागणी बंदी उठवण्याची होती. जिल्ह्याच्या माथी बसलेला शिक्का पुसा, असे सर्वपक्षीय नेते एका सुरात म्हणत होते. धूर पुसा, असे म्हणणाऱ्यांचा आवाज त्या मानाने क्षीण होता. प्रा. सुरेश चोपणे यांच्यासारखे अभ्यासक मंडळाचेच आकडे दरवर्षी जुळवून लोकांपुढे ठेवत आले, इको-प्रोसारख्या संघटना जंगलात येऊ घातलेल्या खाणींविरुद्ध उपोषणाला बसल्या. ताडोब्याजवळची लोहारा खाण थांबली ती अशा रेट्यानेच. त्यांना इथल्या पुढाऱ्यांनी विकासविरोधी म्हणून पाहिले, हेही सांगून टाकलेले बरे.

शहरानेही या बदनामीशी एक सोयीचा समझोता केला आहे. उन्हाळ्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला की देशातले सर्वाधिक तापलेले शहर म्हणून आपले नाव दूरचित्रवाणीवर झळकते, आणि त्यात एक विचित्र अभिमान असतो. हिवाळ्यात धुक्याचे कौतुक. दोन्ही गोष्टी देवाच्या, म्हणजे कोणाच्याच नाहीत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात डोनोरा नावाचे गाव आहे. नदीच्या वळणावर, डोंगरांच्या कुशीत, जस्ताचा आणि पोलादाचा कारखाना उराशी घेऊन बसलेले. १९४८ च्या ऑक्टोबरअखेर तिथे असाच थर पाच दिवस बसला. वीस माणसे दगावली, हजारो आजारी पडली. गावकरी कोर्टात गेले तेव्हा कंपनीचा बचाव एकच होता: हवामान विलक्षण होते, ही ईश्वरी आपत्ती होय. कारखाना वर्षानुवर्षे चालू होता आणि दर हेमंतात धुके पडत होते, तेव्हा विलक्षण ते काय, हा प्रश्न अर्थातच उरला. चंद्रपुरात धुक्याबद्दल अधिकृत खुलासा निघतो तेव्हा त्यातही ‘वातावरणीय स्थिती’ हा कर्ता असतो. धुराला कर्ता नसतो. तो ‘निर्माण होतो’, ‘साचतो’, ‘आढळतो’.

कर्ता शोधायचा तर विजेच्या तारांमागे जावे लागेल. चंद्रपूरहून एक उच्चदाब वाहिनी निघते, वर्धा-यवतमाळ ओलांडून, मराठवाडा ओलांडून, सह्याद्री उतरून ठाणे जिल्ह्यात पडघ्याला पोचते. लांबी सुमारे ७५० किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॅट. १९९९ पासून ती चालू आहे. तिच्या पलीकडच्या टोकाला मुंबई-ठाण्याचे दिवे आहेत. भारनियमनाच्या वर्षांत चंद्रपूर जिल्ह्यातली खेडी बारा-बारा तास अंधारात होती, मुंबईला भारनियमन ठाऊक नव्हते. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे अक्षरशः घडत होती. लंडनने निदान आपलाच कोळसा आपल्याच शेगडीत जाळला आणि आपल्याच छातीत भरून घेतला. पुढे तिथलीही मोठी वीज केंद्रे ट्रेंटच्या खोऱ्यात, खाणींजवळ गेली. पण मुंबईला ती पायरीसुद्धा चढावी लागली नाही. तिच्या वाट्याचे बरेचसे धुके पहिल्यापासूनच चंद्रपुरात पडत आले.

यावर कोणी म्हणेल की वीज केंद्र कोळशाजवळच असणार, भूगोलाला इलाज काय. भूगोलाला नसेल, धुराला आहे. धुरातला गंधक वायू धुऊन काढणारी यंत्रणा मुंबईत ट्रॉम्बेच्या वीज केंद्राला १९८० च्या दशकातच लागली, देशात पहिल्यांदा. तिथे शहर होते, त्याला आवाज होता. डहाणूच्या केंद्राला ती २००७ मध्ये लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने तिचा पाठपुरावा केला, म्हणून लागली. डहाणूच्या चिकूच्या बागांसाठी हे झाले आणि चांगलेच झाले. डहाणूची क्षमता ५०० मेगावॅट. चंद्रपूरच्या एका मोठ्या संचाएवढी.

देशातल्या सगळ्याच केंद्रांनी ही यंत्रणा बसवावी, असा नियम २०१५ च्या डिसेंबरात निघाला. मुदत दोन वर्षांची होती. बहुतेक केंद्रांनी ती चुकवली, चंद्रपूरनेही चुकवली. मग मुदत वाढली, पुन्हा वाढली. २०२५ च्या जुलैत केंद्र सरकारने देशातल्या बहुसंख्य केंद्रांना या अटीतूनच मोकळे केले. आपला कोळसा कमी गंधकाचा आहे, यंत्रणा महाग आहे, वीज महागेल, ही कारणे दिली गेली. अतिप्रदूषित पट्ट्यांपासून किंवा हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या केंद्रांचा निर्णय मात्र तज्ज्ञ समितीने प्रत्येक प्रकरण तपासून घ्यायचा आहे. चंद्रपूरचे नाव या दोन्ही याद्यांत आलेले आहे. कमी गंधकाचा कोळसा दिवसाला पन्नास हजार टन जाळला की गंधक कमी राहत नाही, एवढे गणित समितीला करता येईलच. प्रश्न तिच्यासमोर चंद्रपूरची बाजू कोण मांडणार, हा आहे. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींपैकी कोणी या समितीला पत्र लिहिले असेल तर ते आम्हाला छापायला आवडेल.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा काही आठवडे करडी झाली, तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बांधकामांवर निर्बंध आले, फटाक्यांच्या वेळा ठरल्या, रस्ते रात्रीतून धुतले जाऊ लागले. मुंबईकरांना स्वच्छ हवा मिळू नये, असे इथे कोणाच्याही मनात नाही. एवढेच विचारायचे आहे की तोच करडेपणा पडोलीवर दर हिवाळ्यात उतरतो, तेव्हा तो निसर्ग का ठरतो?

चंद्रपूरकरांनी स्वतःकडेही पाहावे. वीज केंद्र बंद करा, असे इथे फारसे कोणी म्हणत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. वेकोलित, वीज केंद्रात, सिमेंटात घरचा एक तरी माणूस असलेली हजारो कुटुंबे आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार? पण कचऱ्याचे ढीग पेटवणे, आठवडी बाजार उठल्यावर प्लास्टिक जाळून शेकणे, हे तरी आपल्याच हातात आहे. २०१९ पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हे शहर आहे आणि त्याचे पैसे महापालिकेकडे येतात. रस्ते झाडण्याची यंत्रे आणि कारंजी यांपलीकडे ते कुठे गेले, याचा जमाखर्च पालिकेने एकदा नागरिकांपुढे ठेवावा. कारंजे पाहायला बरे वाटते, छातीला त्याचा उपयोग नाही.

आता नजर गडचिरोलीकडे वळवणे भाग आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावरून २०२१ पासून लोहखनिज जोमाने निघू लागले. आलापल्ली-आष्टी मार्गावर ट्रकांची रांग लागली आणि रस्त्याकडेच्या सागाची पाने लाल झाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहतो आहे, आणि जिल्हा देशाची पोलाद राजधानी होणार, असे सरकार सांगते. खनिज नळवाहिनीतून नेण्याच्या व्यवस्थेने रस्त्यावरची धूळ कमी होईल, ते स्वागतार्हच. रोजगाराची गरज गडचिरोलीइतकी कोणाला असणार? पण पोलाद बहुतांश कोळशावरच होते, आणि वैनगंगेच्या काठीही हिवाळ्यात धुके पडते. झाकण तिथेही आहे. भांडे आतापर्यंत स्वच्छ होते, एवढाच फरक. चंद्रपुरात हवा मोजायला सुरुवात झाली ती बिघडल्यानंतर. त्यामुळे आधी ती कशी होती, हे आज कोणी पुराव्याने सांगू शकत नाही, आणि कंपन्यांच्या वकिलांना याहून सोयीचे काही नाही. कोनसरी, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली इथे भट्ट्या धगधगण्याआधी हवेची यंत्रे बसावीत, तिथल्या ग्रामसभांना त्यांचे आकडे दर महिन्याला मिळावेत. स्वतःच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारे पहिल्या फळीतले गाव, मेंढा-लेखा, याच जिल्ह्यातले आहे. आकडे हाती आले तर त्यांचे काय करायचे, हे गडचिरोलीच्या ग्रामसभांना शिकवावे लागणार नाही.

चंद्रपूरसाठी आमची मागणी मर्यादित आणि तातडीची आहे. डिसेंबर-जानेवारीतला तो थर कधी बसणार, हे हवामान खात्याला आदल्या संध्याकाळी बऱ्यापैकी सांगता येते. तसा इशारा आला की दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत खुल्या खाणींतली कोळशाची भरणी आणि शहराच्या हद्दीतून ट्रकांची वाहतूक थांबावी. वीज केंद्राने जुन्या २१० मेगावॅटच्या संचांवरचा भार त्या तासांत उतरवावा. राज्यात इतरत्र संच आहेत, वीज कुठूनही येऊ शकते. राखडीच्या बांधावर पाणी मारल्याची नोंद रोज जाहीर व्हावी. सकाळची शाळा अशा दिवशी उशिरा भरावी. प्रभातफेरीसुद्धा दुपारी काढावी.

आणि हवेचे आकडे. शहरात चोवीस तास मोजणारी केंद्रे दोन: एक शहरात, एक खुटाळ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा इथे हाताने नमुने घेतले जातात. या पद्धतीचा राष्ट्रीय दंडक आठवड्यातून दोन दिवसांचा. हवा मात्र सातही दिवस घ्यावी लागते. दुर्गापूर आणि घुग्घुस इथे चोवीस तास चालणारे यंत्र या हिवाळ्यातच बसावे, आणि त्याचा पहाटे साडेपाचचा आकडा सहाच्या आत जिल्ह्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या मोबाइलवर जावा. दिवसाची मर्यादा सूक्ष्म कणांसाठी आपल्याकडे घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. कोणती मर्यादा ओलांडल्यावर मुलांना घरी ठेवायचे, हे जिल्हाधिकाऱ्यांनी आजच्या कार्यक्रमातल्या भाषणात सांगून टाकावे.